लग्नाच्या सरकारी वहीची कुळकथा

मराठी राज्यातल्या जमाखर्चाच्या कागदांत ‘लग्नटका’ नावाची एक जमेची बाब असे. घरात लग्न निघाले की सरकारात भरायचा तो पैसा. तिच्या जोडीला ‘पाटदाम’. विधवेने पाट लावला, म्हणजे दुसरा नवरा केला, की त्यावरची ही पट्टी. शास्त्री-पंडित पाटाला लग्नाच्या बरोबरीने बसवायला तयार नव्हते, तरी कुणबी-माळी-धनगरांच्या घरी पाट राजरोस लागत होते आणि सरकार त्याचे दाम घेऊन खाते पुरे करत होते. हा संबंध शास्त्राला पटतो का, या भानगडीत खजिना पडत नसे. बाई कोणाच्या घरी नांदायला गेली आणि पैसा कोण भरणार, एवढे कळले की कारकुनाचे काम झाले.

आज कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत किंवा शहरात महापालिकेत लग्नाची नोंद करायला गेले की हातात ‘नमुना ड’ येतो. १९९८ च्या विवाह नोंदणीच्या राज्य कायद्याखालचा हा अर्ज. वराचे नाव, वधूचे नाव, वये, पत्ते, लग्न लावणाऱ्याची सही, तीन साक्षीदार. कागद तपासून झाले की ‘नमुना ई’, म्हणजे दाखला. पासपोर्टवर जोडीदाराचे नाव घालायचे असो, व्हिसा असो की पेन्शन, सगळीकडे हाच कागद मागतात. दोन पुरुष किंवा दोन बायका तीस वर्षे एका छपराखाली राहिल्या तरी त्यांना हा अर्ज भरता येत नाही. दोनांतला एक रकाना रिकामा राहतो, आणि रिकाम्या रकान्याचा अर्ज कारकून घेत नाही.

समलिंगी जोडीदारांच्या कायदेशीर नोंदणीचा विषय निघाला की हे खूळ बाहेरून आले, असे ऐकू येते. बाहेरून आलेला भाग आहेच, तो पुढे येईल. पण लग्ननोंदणीच्या या वहीची कुळी काढत गेले तर ती आपल्याच पुनर्विवाहांतून, सत्यशोधकांच्या मांडवांतून आणि कोल्हापूरच्या करवीर दरबाराच्या कायद्यांतून जाते. पंडितांनी, भाऊबंदांनी किंवा गावाने ज्यांना नाकारले त्यांच्यासाठी ही वही उघडावी लागली. आणि ज्यांना आत घेतले त्यांच्याकडून दर वेळी उंबऱ्यावरच काहीतरी काढून घेतले गेले.

विधवेचेच पाहा. १८५६ साली पुनर्विवाहाचा कायदा झाला. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने दुसरे लग्न करणाऱ्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपवला. ज्या जातींत पाट पिढ्यान्‌पिढ्या चालत होता त्यांना खरे तर या कायद्याची गरजच नव्हती. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने १८९६ साली त्यांच्या विधवांनाही हेच कलम लावले. म्हणजे ब्राह्मण विधवेला जी मुभा मिळाली तिची किंमत कुणब्याच्या विधवेनेही मोजली. कायदा झाला म्हणून गाव बदलले असेही नाही. धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तो १८९३ मध्ये. कायद्याला तोवर सदतीस वर्षे झाली होती. मुरुडच्या, त्यांच्याच गावच्या लोकांनी तरीही त्यांच्यावर बहिष्कार घातलाच.

शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात पुनर्विवाहांच्या नोंदणीचा कायदा केला, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. पुनर्विवाह करा, असे सांगणारे सुधारक पुष्कळ होते. नोंद करून घ्या, असे म्हणणारा राजा विरळा. नवरा वारल्यावर भाऊबंद दारात येतात आणि ‘ही लग्नाची नव्हे, ठेवलेली’ असे म्हणतात, तेव्हा बाईच्या हाती भाषण नव्हे तर कागद लागतो. दरबाराला हे नेमके ठाऊक होते. वारसाहक्काची भांडणे शेवटी दरबारापुढेच येत.

वहीची दुसरी शाखा बंगालची. केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मोंनी मूर्ती, होम, पुरोहित सगळे सोडून लग्ने लावायला सुरुवात केली आणि मग त्यांना भीती पडली, की ही लग्ने न्यायालयात टिकतील का? त्यांनी सरकारकडे कायदा मागितला. सर हेन्री मेन यांनी १८६८ मध्ये मसुदा आणला तो बराच मोकळा होता. ज्याला धर्माबाहेर लग्न करायचे त्याला करू द्या, असा. त्यावर सगळ्या धर्मांचे पुढारी एकवटले. सेन यांच्यापासून वेगळ्या असलेल्या आदि ब्राह्मो समाजानेही आम्हाला यात ओढू नका म्हणून विरोध केला. १८७२ साली तिसरा कायदा म्हणून जो पास झाला त्यात नोंदणी करणाऱ्याला आधी लिहून द्यावे लागे, की मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणीही नाही. लग्न हवे असेल तर धर्म दारात सोडून यायचा. वयाची अट वराला अठरा, वधूला चौदा. पुढे १८७८ मध्ये सेन यांनी आपल्या चौदाही पुरी न झालेल्या मुलीचे लग्न कूचबिहारच्या राजाशी, तेही हिंदू विधींनी लावून दिले आणि त्यांचा ब्राह्मो समाज दुभंगला. कायदा मागणाऱ्याच्या घरातच कायदा हरला.

याच कायद्याने आपल्याकडे नोटीस आणली. लग्नाआधी निबंधकाकडे अर्ज, तो सर्वांना पाहता येईल असा नोंदवायचा, चौदा दिवस थांबायचे, कोणाची हरकत असेल तर त्याने यावे. ही मूळ इंग्लंडच्या चर्चची रीत. तिथे तीन रविवारी लग्नाची घोषणा करून हरकती मागवत, आणि १८३६ साली तिथे सरकारी निबंधक आला तेव्हा चर्चची घोषणा कचेरीच्या भिंतीवर चिकटली. आपण ती भिंतीसकट उचलली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात चौदाचे तीस दिवस झाले. आंतरजातीय जोडप्यांना या तीस दिवसांनी किती छळले हे कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही कार्यकर्त्याला विचारावे. अर्ज दिला की दोन दिवसांत गावाकडची गाडी कचेरीबाहेर उभी!

मराठी मुलखातली शाखा मात्र कायद्याची वाट न पाहता निघाली. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुले यांच्या पुढाकाराने सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा यांचे लग्न भटाशिवाय लागले. सत्यशोधक समाज स्थापन होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. वधूवरांनी एकमेकांना दिलेली वचने, चार माणसांची साक्ष, पान-सुपारी, संपले. पुढे जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटील यांनी घरची लग्ने अशीच लावली, तेव्हा गावच्या जोशाने दक्षिणा बुडाली म्हणून दावा लावला. जोशीपण हे वतन होते. मला बोलावले नाही तरी माझे पैसे द्या, असा त्याचा युक्तिवाद. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल सत्यशोधकांच्या बाजूने लागला.

हे लोण कोल्हापुरात संघटित झाले ते १९११ मध्ये. भास्करराव जाधव सत्यशोधक समाजाचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी ‘घरचा पुरोहित’ लिहून ठेवला. नावातच मतलब आहे: पोथी घ्या आणि घरातल्याच कोणी तरी विधी उरका. वेदोक्ताच्या वादात वेदमंत्र नाकारून खुद्द छत्रपतींना पुरोहिताने खाली बसवू पाहिले होते, त्या शहरात हे पुस्तक हातोहात खपले असेल तर नवल नाही.

तमिळनाडूची गोष्ट इथे आठवते. पेरियार यांच्या चळवळीने पुरोहिताशिवाय स्वाभिमान विवाह लावले, हजारोंनी. १९५३ साली मद्रास उच्च न्यायालयाने ती लग्ने कायदेशीर नाहीत असा निकाल दिला. इतकी कुटुंबे, इतकी मुले, आणि कागदावर सगळे शून्य. १९६७ मध्ये अण्णादुराईंच्या सरकारने हिंदू विवाह कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि जुन्या लग्नांनाही मागल्या तारखेपासून मान्यता दिली. लोकांनी आधी लग्ने केली, कायदा मागून आला.

आता कोल्हापूरचा खरा मोठा कायदा. विठ्ठलभाई पटेल यांनी १९१८ साली केंद्रीय कायदेमंडळात आंतरजातीय हिंदू विवाह वैध ठरवणारे विधेयक मांडले. देशभर गदारोळ झाला. शाहू महाराजांनी विधेयकाला पाठिंबा दिला, आणि दिल्लीत ते अडले असताना १९१९ च्या जुलैत आपल्या संस्थानापुरता कायदा करून टाकला. पटेलांचे विधेयक जातींपुरते होते. कोल्हापूरचा कायदा भिन्न धर्मांच्या वधूवरांपर्यंत गेला. त्याच सुमारास घटस्फोटाचा आणि स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याला आळा घालणारा कायदा आला. १९२० मध्ये अनौरस संतती आणि जोगतिणी यांच्या हक्कांचा. देवाला सोडलेल्या मुलीचे लग्न देवाशी लागले असे समाज मानत होता, आणि त्या नात्याने तिच्या पदरात वारसा मात्र पडत नव्हता. तीनेक वर्षांत एका छोट्या संस्थानाने कुटुंबाच्या व्याख्येला चहूबाजूंनी हात घातला. (शाहू जयंतीला प्रतिमेला हार घालणाऱ्यांपैकी किती जणांना हे चार कायदे क्रमाने सांगता येतील, हे कोणी विचारू नये.)

महाराज कागदावर थांबले नाहीत. कोल्हापूर आणि इंदूर यांच्यात शंभर मराठा-धनगर लग्ने लावायचा त्यांचा बेत होता. पंचवीसच्या आसपास लागली असे सांगतात. सगळ्यांत गाजलेले, कागलच्या घाटगे घराण्यातल्या, म्हणजे महाराजांच्या जन्मकुळातल्या मुलीचे इंदूरच्या यशवंतराव होळकरांशी झालेले लग्न. ते १९२४ मध्ये लागले. महाराज दोन वर्षांपूर्वीच वारले होते.

ब्रिटिश हिंदुस्थानात हाच रस्ता १९२३ साली हरिसिंग गौर यांनी १८७२ च्या कायद्यात दुरुस्ती करून अर्धा उघडला. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपसांत लग्न करताना धर्म सोडल्याचे लिहून देण्याची गरज उरली नाही. अर्धा म्हणायचे कारण त्या दुरुस्तीतच आहे. असे लग्न करणारा माणूस एकत्र कुटुंबातून फुटला असे धरले जाई. त्याला दत्तक घेता येत नसे. आणि सर्वांत बोचरे कलम असे, की तो एकुलता मुलगा असेल तर त्याच्या बापाला दुसरा मुलगा दत्तक घेण्याचा हक्क मिळे. जिवंत मुलगा समोर उभा असताना बापाने तो मेल्यासारखे वागावे, याची सोय कायद्याने करून ठेवली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केले, तेव्हा हाच कायदा चालू होता. त्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी याच आंबेडकरांचे शाहू महाराजांनी कागल जहागिरीतल्या माणगावच्या परिषदेत स्वागत केले होते.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारचे कायदे कालांतराने दप्तरात गेले. १९५४ चा विशेष विवाह कायदा आला, १ जानेवारी १९५५ पासून लागू झाला. धर्म सोडायची अट गेली, दत्तकाची बंदी गेली. एकत्र कुटुंबातून फुटण्याचे कलम राहिले. दोघेही हिंदू असतील तर ते लागू नये ही सवलत यायला १९७६ उजाडले. त्या कायद्याचे चौथे कलम ‘कोणत्याही दोन व्यक्ती’ अशा शब्दांनी सुरू होते. आणि थोडे खाली येते: पुरुषाला एकवीस वर्षे पूर्ण, स्त्रीला अठरा. सगळा तंटा या दोन ओळींच्या अंतरात आहे.

परदेशातला धागा डेन्मार्कचा. तिथे अ‍ॅक्सेल आणि आइगिल हे दोघे कित्येक वर्षांपासून एकत्र राहत होते. समलिंगी लोकांची संघटना काढली म्हणून नोकऱ्या, घर गमावून बसले. पुढे तुरुंगातही गेले. दोघांनी आपली नावे जोडून ‘अ‍ॅक्सगिल’ असे एकच आडनाव घेतले. १९८९ च्या मे महिन्यात डॅनिश संसदेने ७१ विरुद्ध ४७ मतांनी नोंदणीकृत भागीदारीचा कायदा केला, आणि १ ऑक्टोबरला कोपनहेगनच्या नगरभवनात अकरा जोडप्यांची नोंद झाली. अ‍ॅक्सगिल त्यांत पहिले. तोवर अ‍ॅक्सेल चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले होते. कायद्याने लग्नाचे जवळजवळ सगळे हक्क दिले, आणि दोन काढून घेतले: दत्तक आणि चर्चमधला विधी. गौर यांच्या दुरुस्तीनंतर सहासष्ट वर्षांनी, पार वेगळ्या देशात, उंबऱ्यावर अडकवून ठेवायला पुन्हा दत्तकच सापडले.

तिथून नॉर्वे, स्वीडन, नेदरलँड्स. फ्रान्सने १९९९ मध्ये वेगळी वाट काढली: ‘पॅक्स’ नावाचा करार, जो स्त्री-पुरुष जोड्यांनाही खुला होता, आणि आज तो करणाऱ्यांत त्यांचाच भरणा आहे. ब्रिटनमध्ये डिसेंबर २००५ पासून नागरी भागीदारी आली. बहुतेक देशांत ही पायरी ठरली, पुढे पूर्ण लग्न आले. डेन्मार्कने २०१२ मध्ये भागीदारी बंद करून सरळ विवाह दिला. लग्न नको पण कागद देतो, ही तडजोड सरकारांना आवडते, आणि ती फार काळ टिकत नाही.

आपल्याकडे आधी गुन्हा पुसायला दीडशे वर्षांहून जास्त लागली. १८६० च्या दंडसंहितेतले कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये मोडले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पुन्हा उभे केले आणि ६ सप्टेंबर २०१८ ला स्वतःच मोडले. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ काढले, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट उभा करून मराठीत पुस्तके लिहिली, सांगलीत संग्राम संस्थेच्या साथीने मुस्कान संघटना उभी राहिली. यांतल्या कोणालाही तेव्हा लग्नाच्या वहीची घाई नव्हती. पोलीस, हफ्ता आणि दवाखाना हेच रोजचे प्रश्न होते. गुन्ह्याचे ओझे उतरल्यावर मग वहीची आठवण झाली.

सुप्रियो चक्रवर्ती आणि इतरांच्या याचिकांवर २०२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत दहा दिवस सुनावणी झाली आणि १७ ऑक्टोबरला निकाल आला. घटनापीठाचे अध्यक्ष सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड. लग्नाचा मूलभूत हक्क घटनेत नाही आणि विशेष विवाह कायद्यातले पुरुष-स्त्री हे शब्द न्यायालयाने बदलू नयेत, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत. नागरी भागीदारीला मान्यता देण्याचे बंधन सरकारवर आहे का, यावर मात्र फूट: चंद्रचूड आणि संजय किशन कौल म्हणाले आहे, उरलेले तिघे म्हणाले नाही. दत्तकाच्या नियमावरही तीन विरुद्ध दोन. पारलिंगी व्यक्ती स्त्री-पुरुष नात्यात असेल तर तिला चालू कायद्यांखाली लग्न करता येते, हे तेवढे सर्वांनी मान्य केले. फेरविचाराच्या याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

केंद्र सरकारने न्यायालयात ही मागणी शहरी उच्चभ्रूंची असल्याचे म्हटले होते. हा युक्तिवाद मला आळशी वाटतो. यवतमाळच्या हॉटेलात डिसेंबर २०१७ मध्ये दोन पुरुषांनी लग्नसमारंभ केला. नागपुरात दोन डॉक्टर तरुणींनी घरच्यांसमोर अंगठ्या बदलल्या. बीडमध्ये २०२२ साली पारलिंगी वधूची वरात निघाली. यवतमाळ आणि बीड उच्चभ्रू केव्हापासून झाले? १८७३ साली पुण्यातल्या शास्त्र्यांनीही आल्हाटांच्या लग्नाकडे चार सुधारकांचे खूळ म्हणूनच पाहिले असणार.

निकालानंतर कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २०२४ मध्ये काही पत्रके निघाली. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एका घरातले धरावे. बँकेत संयुक्त खाते उघडायला, एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही (ती आधीही नव्हती, पण कारकुनाला दाखवायला पत्रक बरे असते). जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह मागता यावा. रेशनच्या वहीत जागा झाली, लग्नाच्या वहीत नाही. मला यात जुना खजिन्याचा न्याय दिसतो: धान्य किती माणसांना द्यायचे हे सरकारला कळले पाहिजे.

मग कोल्हापुरातल्या अशा जोडप्याने आज करायचे काय? दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मृत्युपत्र नोंदवता येते, मुखत्यारपत्र करता येते, घर दोघांच्या नावे घेता येते. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ खाली आपल्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून कोणालाही नेमता येते. तिथे नात्याची अट नाही. वकील याची फाइल करून देतात. पण मृत्युपत्राला पुतण्या आव्हान देऊ शकतो, आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीतही डिसेंबर २०२३ मध्ये पक्के केले. मुखत्यारपत्र तर देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा वर्षानुवर्षे न बोललेल्या भावाला शोधून आणील, सोबत राहिलेल्याला नाही. विवाहित जोडप्याला एका पानाच्या दाखल्यात जे मिळते त्यासाठी या दोघांना पाच मुद्रांकित कागद लागतात, आणि तरी ते पुरे पडत नाही. मुंबई उच्च न्यायालयात ऑगस्ट २०२५ मध्ये एका समलिंगी जोडप्याची याचिका आली ती प्राप्तिकराची: पन्नास हजारांवरच्या भेटीवर कर लागतो, पतीपत्नीत लागत नाही, आम्हाला का लागावा? न्यायालयाने ॲटर्नी जनरलना नोटीस काढली.

संसदेचा रस्ता एकदा चाचपून झाला आहे. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ रोजी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. दोघे पुरुष असतील तर वय एकवीस, दोघी स्त्रिया असतील तर अठरा, आणि पती-पत्नीच्या जागी जोडीदार. चौथ्या कलमातल्या त्या दोन ओळी जुळवण्याचाच हा प्रयत्न. लोकसभेची मुदत संपली, विधेयक संपले. त्याच वर्षी मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला, आणि पंधरवड्याच्या आत राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करायला सांगितले. गावाचा ठराव प्रथा मोडू शकतो. नमुना ‘ड’चे रकाने मात्र त्याच्या हातात नाहीत.

परदेशातला धागा शेवटी आपल्याकडेच येतो. आयर्लंडने नागरी भागीदारीची नोंद जानेवारी २०११ पासून सुरू केली आणि मे २०१५ मध्ये सार्वमत घेऊन लग्नाचा हक्क दिला. सार्वमताच्या चार महिने आधी तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी आपण समलिंगी असल्याचे रेडिओवर सांगितले. ते लिओ वराडकर, वडील डॉ. अशोक वराडकर मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१७ मध्ये लिओ पंतप्रधान झाले, २०१९ च्या डिसेंबरात वराडला आले, गावाने जंगी स्वागत केले. डब्लिनमध्ये असे लग्न केलेला कोणी उद्या वराडच्या वडिलोपार्जित घरी राहायला आला तर त्याच्या दाखल्याला इथे किंमत नाही. परकीय विवाह कायद्याखालची मागणीही २०२३ च्याच निकालात अडकली. त्याने दाद मागायची ठरवली तर मुंबई गाठायची गरज मात्र आता उरलेली नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते आणि सिंधुदुर्ग त्याच्या हद्दीत आहे. घाट चढून भाऊसिंगजी रोडवर यायचे, आणि अर्ज दाखल करायचा.